उबेच्या कपाटाला हात लावायचा नाही

१७ ऑक्टोबर, मंगळवार

— आणि वर मलाच म्हणतो, "वहिनी, तुम्ही यात पडू नका!" मी पडू नको? या घरात नऊ माणसं. नऊ माणसांचे कपडे मी धुते, नऊ माणसांची भांडी मी घासते, शेणाने माखलेली पोरं मी न्हाणीत ढकलते. आणि गरम पाण्याचं काय करायचं ते ॲथलोन शहरात राहणारा माझा दीर ठरवणार!

फिनबार खिडक्या विकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, हाच त्याचा धंदा. आज आला तो बूटसुद्धा न पुसता थेट जिना चढला. माझ्या उबेच्या कपाटाचं — बंबाच्या उबेवर कपडे वाळवतो त्या कपाटाचं — दार उघडलं, आतल्या तांब्याच्या बंबावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "हे आता म्युझियमला द्या."

झालंय असं की बाहेरच्या खोपीतला रॉकेलचा बॉयलर शुक्रवारी मेला. काळा धूर, दोन ढेकर, संपलं. आता बंबात जे विजेचं कॉइल आहे त्याच्यावर घर चाललंय. त्यात १० नोव्हेंबरला घरची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना त्या दिवशी आमच्या घरात. सात वर्षांनी आमची पाळी आली. अख्खी वाडी घरात येणार, फादर येणार, न्याहारी आपली. त्याआधी लोक घराला रंग देतात, फरशा बदलतात, कर्ज काढून स्वयंपाकघर करतात. आम्हाला निदान गरम पाणी तरी हवं ना!

फिनबारचं म्हणणं — बंब उपटा, भिंतीवर छोटा कॉम्बी बॉयलर टांगा. नळ सोडला की तेवढंच पाणी तापवतो, साठवायची भानगड नाही. आणि कपाटाच्या जागी "मस्त शॉवर होईल."

कपाटाच्या जागी!

मी म्हटलं, "ओले कपडे कुठे वाळवू? तुझ्या डोक्यावर?"

तर म्हणे, "घर आईचं आहे, वहिनी. आईला ठरवू द्या."

मॅलकी तिथेच होता. माझा नवरा. चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट तुटून आत पडलं, ते तो चमच्याने शोधायला लागला.

१८ ऑक्टोबर

अजून राग उतरला नाही. बटाटे सोलताना निम्मे बटाटे सालीतच गेले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

टॅन्सी प्लंबर आला. बडबड्या माणूस, पण प्रश्न बरोबर विचारतो. फिनबारने "किती जागा अडते" एवढंच विचारलं होतं. टॅन्सीने विचारलं, "डिंफ्नाबाई, आंघोळी किती आणि कधी?"

"सगळ्या. सकाळी सात ते साडेसात. शाळेची बस पावणेआठला."

"आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ?"

"तो कधी बंद असतो?"

हसला. म्हणाला, कॉम्बी वाईट नाही. दोन माणसांच्या घरात सोन्यासारखा. पण तो एका वेळी एकाच तोंडात घास भरवतो. दोन तोंडं उघडली की दोन्ही उपाशी. इथे मोठा नवा बॉयलर घाला, आणि बंबाच्या जागी याच्या दुप्पट बंब, जाड आवरणाचा. रात्री तापला की सकाळपर्यंत तापलेला. विहिरीच्या पंपाला एक जोर देणारा पंप. मग तीन नळ सोडा, काही होणार नाही.

"आणि कपाट?"

"कपाट राहील. आवरण जाड म्हणून ऊब जरा कमी. मी आत गरम पाण्याची एक छोटी नळी फिरवून देतो, फळ्यांखालून."

मला त्याचा मुकाच घ्यावासा वाटला. त्याला मिशा आहेत म्हणून वाचला.

मग त्याने वही काढली. "ऑर्डर कुणाच्या नावाने लिहू? घर कुणाचं?"

चोवीस वर्षं या घरात. पाच बाळंतपणं. पण घर सासूबाईंच्या नावावर, जमीनही. मॅलकी पन्नाशी उलटून गेला तरी कागदावर तो अजून पोरगाच. इथे सगळीकडे असंच — म्हातारी माणसं कागद उशाखाली घेऊन झोपतात.

"फिलोमिना लोहान," मी म्हटलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी फिनबारला विचारते."

२० ऑक्टोबर

सासूबाईंना कॉम्बी का हवा ते आज कळलं. फिनबारमुळे नाहीच! कॉम्बीला कॉइल नसतं. कॉइल नाही तर बटण नाही, बटण नाही तर कुणी ते चालू ठेवून जाणार नाही.

बटणाचं सांगायला हवं. कॉइलच्या बटणावर दोन खुणा असतात — "सिंक" आणि "बाथ". सिंक म्हणजे वरचं थोडं पाणी तापतं, बाथ म्हणजे अख्खा बंब. या घरात "बाथ"वर चिकटपट्टी लावलेली आहे. सासूबाईंनी लावलेली. ती शनिवारी निघते, रात्री परत लागते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी आंघोळ केली आणि बटण बंद केलं. केलं! मॅलकी माझ्यानंतर गेला होता दाढीला. पण सकाळी बंब धडधडत होता आणि सासूबाई जिन्यात उभ्या. "विजेचा कारखाना तुझ्या बापाचा आहे काय गं?" त्या दिवसापासून घराबाहेर पडताना, मिसेला, मयताला, कुठेही — गाडीत बसलं की मागून आवाज येतो, "डिंफ्ना, बटण?"

मॅलकीने कधी सांगितलं नाही की तो होता.

आज मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्हाला बटणाची भीती. मग नऊ जणांनी थंड पाण्याने नाहायचं?"

"फिनबारकडे नाहतात की."

"फिनबारकडे दोघंच आहेत!"

"तू आधी बघून ये मग बोल."

बघून ये! बरं. बघूनच येते. लगेच फोन लावला. "फिनबार, आमचा बॉयलर मेलाय, तुझा कॉम्बी इतका गुणी. उद्या आम्ही सगळे तुझ्याकडे आंघोळीला येतो."

माघार घेतली तर तो फिनबार कसला! "या की वहिनी. सगळे या."

२२ ऑक्टोबर, रविवार

मिसेहून आले, कोट न काढता लिहायला बसले. हसून हसून बरगड्या दुखतायत.

काल दोन गाड्यांत नऊ जण, नऊ टॉवेल. सासूबाई पुढे, मांडीवर स्वतःचा साबण. ऑर्लाने, फिनबारच्या बायकोने, दार उघडलं आणि रांग बघून तिच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं. आत पांढरे गालिचे. पोरांना मी दारातच मोजे काढायला लावले. मोजे काढल्यावर वाटलं, नसते काढले तर बरं झालं असतं.

फिनबार भाषण करत होता. "बघा आता. तापतंय ते बाहेर येतंय, बाहेर येतंय ते तापतंय!"

सासूबाईंना खालच्या न्हाणीत बसवलं. गुडघ्यांमुळे स्टूल लागतं. मी पाणी बघितलं — छान गरम. बाहेर आले. वर थोरली सोर्खा दुसऱ्या शॉवरमध्ये शिरली. मी जिन्यात कान देऊन उभी. खालून सासूबाईंचा आवाज, "हे बारीक का झालं गं?"

मी म्हटलं, "कॉम्बी आहे, आई. दम घेतोय."

आणि मग — शपथेवर सांगते, हे मी केलं नाही! — फिनबार स्वतः स्वयंपाकघरात गेला आणि सगळ्यांना चहा करायचा म्हणून किटली विसळायला गरम नळ सोडला. पूर्ण.

"येशू, मारिया, जोसेफ!"

ती किंकाळी तीन शेतं पलीकडे ऐकू गेली असेल. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! "कोण आहे रे तो मेला! कुणी सोडलं पाणी! बर्फ पडतंय माझ्या पाठीवर!" वरून सोर्खाही ओरडायला लागली. जुळ्यांनी जमिनीवर लोळण घेतली हसून. फिनबार किटली हातात घेऊन उभा, तोंड वासून, नळ चालूच!

"अरे बंद कर ना!" मी म्हटलं.

ऑर्ला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्याच कानात बोलली, "पाच वर्षं झाली. मी भांडी घासायला घेतली की हे शॉवरखाली नाचतात. पण कुणाला सांगायचं नाही."

सासूबाई टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या. ओठ निळे. फिनबारकडे बघितलं. "लहानपणी तू विहिरीत पडलास तेव्हा मी तुला याहून गरम पाण्यातून काढलं."

बाकी सातांची आंघोळ राहिली ती राहिलीच. येताना घराजवळच्या वळणावर सासूबाई म्हणाल्या, "त्या टॅन्सीला बोलाव."

मग जरा वेळाने, "डिंफ्ना, बटण?"

"बंद आहे, आई."

२६ ऑक्टोबर

टॅन्सीने बॉयलर मागवला, बंब मागवला. फिनबारचा फोन नाही. काय शांतता!

कपाट रिकामं करायला घेतलं. खरं म्हणजे हे कपाट म्हणजे माझी एकटीची खोली. इथेच जुळ्यांचे इवलेसे कपडे गरम करून घालायचे, महिनाभर आधी आले होते दोघं. मार्चमध्ये गारठलेली कोकरं इथे खोक्यात. घरात मोठी माणसं भांडायला लागली की मी चादरी लावायचं निमित्त करून इथे उभी राहते, पाठ बंबाला टेकून. घरात कुणी विचारत नाही की चादरी लावायला एवढा वेळ का. आणि ही रोजनिशी उशांच्या अभ्र्यांखाली. दूध संघ दर वर्षी फुकट देतो ती, मॅलकीने वासरांचं लिहावं म्हणून. मॅलकी लिहीत नाही. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली, अक्षर कोंबडीने पाय आपटल्यासारखं. कुणी बघत नाही तर काय होतंय!

फिनबारने शॉवर म्हटलं होतं या जागेला.

२ नोव्हेंबर, गुरुवार

बंब आला. पांढरा, गलेलठ्ठ, फादरच्या झग्यासारखा. चौघांनी जिन्यावरून वर नेला. कपाटाच्या दाराशी आणला आणि —

मावेना.

बंब मापाचा. कपाट मापाचं. दार लहान! दाराचं माप मॅलकीने घेतलं होतं. दाराचं घेतलं, चौकट धरून. चौकट कुणी मोजतं का! टॅन्सी डोकं खाजवतो, बंब पॅसेजमध्ये उभा, न्हाणीकडे जायला वाट नाही, पोरं बंबाला मिठी मारून पलीकडे जातायत. मिसा तोंडावर.

आणि नेमका त्याच वेळी फिनबारचा फोन. नाक वाऱ्यावरच असतं त्याचं.

"म्हणजे बसत नाही? हे बघा वहिनी, चौकट तोडायची नाही हं! जुनं लाकूड आहे, बाबांनी बसवलेलं. आईचं घर आहे. परत पाठवा. अजूनही कॉम्बी —"

मी फोन खाली ठेवला. बंद नाही केला, नुसता खिडकीत ठेवला, ऐकू दे म्हणून. खोपीतून पहार आणली. टॅन्सी म्हणाला, "बाई, आधी विचारा कुणालातरी." मी म्हटलं, "विचारते." चौकटीच्या फटीत पहार घातली. "निघतेस का गं?" आणि दिला जोर.

कर्रर्र! अख्खी चौकट एका झटक्यात बाहेर. भिंतीचा गिलावा माझ्या केसांत. फोनमधून "वहिनी! वहिनी!"

सासूबाई चहाचा कप घेऊन खोलीच्या दारात उभ्या. मला वाटलं, आता सुरू होणार. तर म्हणाल्या, "तुझे सासरे ती चौकट बसवताना आठवडाभर शिव्या देत होते. सरळ कधी बसलीच नाही." आणि आत गेल्या.

बंब आत गेला. लोण्यातून सुरी जावी तसा.

मॅलकी नवीन चौकट करतोय आता, खोपीत. न सांगता. रंधा मारतोय ते ऐकू येतंय.

४ नोव्हेंबर

गरम पाणी!!

तिन्ही नळ एकदम सोडले. वर सोर्खा, खाली जुळे एकामागून एक, स्वयंपाकघरात मी दुधाचे डबे धुतेय — तिन्हीकडे वाफ! टॅन्सीने टोपी काढली. मी पोरांना ओरडले, "जास्त वेळ घ्या रे! आज कुणी दार वाजवणार नाही!"

चादरी सगळ्या धुतल्या. सगळ्या वाळल्या. हात आत घातला तर फळ्या उबदार, उन्हात ठेवल्यासारख्या.

सासूबाई जेवणानंतर हळूच वर गेल्या. भिंतीवर जुन्या बटणाच्या जागी नुसता चौकोनी डाग आहे. त्याच्यासमोर उभ्या होत्या. नवीन बटण मी कपाटाच्या आत बसवून घेतलंय, माझ्या खांद्याच्या उंचीवर. म्हटलं, "आई, आता आपोआप बंद होतं. घड्याळ आहे त्याला."

"घड्याळावर विश्वास ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवायचा नव्हता, मग घड्याळावर ठेवा."

हसल्या. खरंच हसल्या. मग मी त्यांना न्हाणीतला टब भरून दिला. काठोकाठ. गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्या आतून माळेची प्रार्थना म्हणत होत्या, मोठ्याने. मी न्हाणीच्या दाराबाहेरून उत्तरं देत होते.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

मिसा झाली. काय दिवस!

पहाटेचं दूध काढून झाल्यावर लोक यायला लागले. स्वयंपाकघरातलं टेबल विटांवर चढवून वेदी केली, पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्त्या. फादर फीनी आत बसून एकेकाच्या पापांचा कबुलीजबाब ऐकत होते, बाहेर मी हॅम कापतेय. वाडीतल्या बायका मात्र सगळ्या जिन्याकडे! "डिंफ्ना, दाखव ना." एकेक वर येते, कपाटात हात घालते, डोळे मिटते. नोनी केलीने तर पूर्ण डोकंच आत घातलं. "मला इथेच पुरा गं बाई!"

"आधी रांगेत उभी राहा!" मागून कुणीतरी.

मिसेनंतर न्याहारी. पुरुष आणि फादर बैठकीत, चांगल्या कपांत. तीनदा पंगत उठली आणि तिन्ही वेळा ढीगभर भांडी गरम पाण्यात खळाखळा धुतली. चार बायका आठ हातांनी, आणि वर पोरं हात धुतायत, आणि न्हाणीत कुणाचंतरी बाळ धुतायत — पाण्याला खळ नाही! ऑर्ला माझ्या शेजारी भांडी पुसत होती. म्हणाली, "मी राहायलाच येते इथे."

मी इतकी खूश होते की गुणगुणत होते. हात लालबुंद.

मग फादर फीनी उभे राहिले. बैठकीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. "आजच्या पाहुणचारासाठी या घराच्या मालकीणबाई फिलोमिना लोहान यांचे आभार. त्यांचे सुपुत्र मॅलकी यांचे. आणि फिनबार, ज्यांनी आईसाठी एवढी छान गरम पाण्याची सोय करून दिली, असं मला कळतंय!"

टाळ्या.

मी बघितलं. फिनबार हॅम चावत होता. मान हलवली — थोडीशी, विनयाने! "छे छे, फादर" म्हणाला. पण "मी नाही केली" असं काही म्हणाला नाही.

आयत्या बिळावर नागोबा! सेंट पॅट्रिकने या देशातले सगळे साप हाकलले म्हणतात. एक ॲथलोनला राहिला.

फादरला दोष नाही, ते नवीन आहेत. सासूबाई मात्र चहा ढवळत बसल्या. ऑर्लाने पुसलेलेच कप परत परत पुसले.

११ नोव्हेंबर

भांडी आवरली. टेबल विटांवरून उतरवलं. राग यायला हवा होता. येत नाही. डोकं थंड आहे आणि पाणी गरम.

मॅलकी गोठ्यातून आला, हात धुतले, नळाखाली हात तसेच धरून म्हणाला, "डिंफ, ते बटण. लग्नानंतरचं. तो मी होतो."

"माहीत आहे."

"मी काल आईला सांगितलं. सगळे गेल्यावर."

चोवीस वर्षं लागली या माणसाला एक वाक्य बोलायला! पण बोलला.

१३ नोव्हेंबर, सोमवार

न्याहारीला सांगून टाकलं. "आई, पुढच्या वेळी या घरात मिसा होईल तेव्हा फादर माझं नाव घेतील. घराच्या कागदावर मॅलकी आणि मी. दोघं. वकील रॉसकॉमनला बसतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी बहिणीकडे, लाँगफर्डला. बंब इथेच ठेवून जाते. बटण कपाटात आहे, फिनबारला दाखवा."

त्यांनी मॅलकीकडे बघितलं. मॅलकीने बिस्कीट बुडवलं, अख्खं बाहेर काढलं, खाल्लं. म्हणाला, "मी हिच्याबरोबर जाणार."

"आणि गाई?"

"फिनबारला खिडकीतून बघता येतील."

सासूबाईंना सांगितलंय, रविवारी मिसा सुटेपर्यंत उत्तर हवं. हो की नाही. सोमवार नाही — रविवार!